पोटोमॅक नदीत विणीच्या हंगामात कयाकवरून स्मॉलमाउथ बास: गळ कुठे टाकावा आणि कुठे टाकू नये?

गोडवल्हे

नमस्कार. मी अमेरिकेत, व्हर्जिनियातील अ‍ॅशबर्न येथे राहतो आणि वरून उघड्या असलेल्या साध्या कयाकमधून पोटोमॅक नदीत गळाने मासेमारी करतो. आतापर्यंतचा माझा सगळा वावर जुलै ते सप्टेंबर या काळातला, म्हणजे पाणी उथळ, कोमट आणि स्वच्छ असतानाचा आहे. या वर्षी मेच्या मध्यावर मोनोकसी नदीच्या मुखापासून व्हाइट्स फेरीपर्यंतचा साधारण साडेसहा मैलांचा टप्पा उतरावा असे मनात आहे. परंतु हा स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातील शिकारी माशाच्या विणीचा काळ असल्याने काही शंका आहेत.

पहिली शंका अशी की, घरट्यावर राखण करणारा मासा गळाला लावून लगेच सोडून दिला तर त्याच्या अंड्यांचे खरोखर नुकसान होते का? माझ्या सोबत येणारे स्नेही म्हणतात की, मासा जिवंत परत गेला म्हणजे प्रश्न मिटला. दुसरी शंका व्यावहारिक आहे: घरटी टाळायची झाली तर एवढ्या रुंद नदीत या काळात मासेमारी करायची कुठे? आणि तिसरी, उन्हाळ्यातील कयाकची पद्धत मे महिन्याच्या पाण्यात चालते का?

माझे बालपण रोह्याकडे गेले आहे. पहिल्या पावसात वलगणीला चढणारे, गाभोळीने भरलेले मासे पकडणे हा तिथे वर्षाचा मोठा उत्साहाचा भाग असतो, त्यामुळे या विषयावर इतरांना उपदेश करण्याचा माझा अजिबात हेतू नाही. मला केवळ या नदीत आणि या माशाच्या बाबतीत नेमके काय घडते ते समजून घ्यायचे आहे.

कातळधार

आधी नियमाचे सांगतो, कारण ते थोडक्यात आटपते. पोटोमॅकचे पात्र व्हर्जिनियाच्या काठावरील नीचतम पाण्याच्या रेषेपर्यंत मेरीलँडच्या हद्दीत येते, त्यामुळे कयाक कोणत्याही काठावरून पाण्यात उतरवली तरी मुख्य पात्रात मेरीलँडचेच मासेमारीचे नियम लागू होतात. भरती-ओहोटी जिथे पोहोचत नाही अशा वरच्या भागात 1 मार्च ते 15 जून या काळात पकडलेला बास ताबडतोब सोडावा लागतो. काही पट्ट्यांत हे बंधन वर्षभर असते, म्हणून निघण्यापूर्वी त्या वर्षाच्या नियमपुस्तिकेत आपला पट्टा पाहून घ्यावा. मात्र घरट्यावरच्या माशासमोर आमिष टाकण्यास हा नियम मनाई करत नाही, आणि तुमचा प्रश्न नेमका त्या मोकळ्या राहिलेल्या जागेतला आहे.

आता माशाविषयी. पाण्याचे तापमान 15 ते 16 अंश सेल्सियसच्या पुढे स्थिरावू लागले की नर उथळ, संथ पाण्यात खडीवर शेपटीने गाळ झटकून साधारण दोन फूट व्यासाची स्वच्छ तबकडी तयार करतो. आपल्या भागात हे एप्रिलच्या अखेरीस सुरू होते आणि मे महिना बहुतेक त्यातच जातो. मादी अंडी घालून निघून जाते. नंतरचे सगळे काम एकट्या नराचे. तो परांनी अंड्यांवर पाणी खेळते ठेवतो, रेडब्रेस्ट सनफिश, रॉक बास, लहान मिनो आणि लहान शेवंडीसारखे दिसणारे क्रेफिश यांना हुसकावून लावतो, आणि अंडी फुटल्यानंतर काळ्याभोर पिल्लांचा पुंजका तळापासून वर येऊन पांगेपर्यंत त्यांच्यापाशी थांबतो. पाणी किती गार आहे त्यानुसार ही राखण दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त चालते, आणि या काळात त्याचे खाणे जवळजवळ बंद असते. तुमच्या आमिषावर तो भुकेने झडप घालत नाही; घरट्यात शिरलेली वस्तू उचलून बाहेर टाकावी म्हणून ती तोंडात धरतो. म्हणूनच या दिवसांत मोठा नर फसवणे अतिशय सोपे असते. उन्हाळ्यात दिवसभर चकवणारा मासा आता एकाच जागी उभा राहून आमिषाची वाटच पाहत असल्यासारखा वागतो, आणि त्यात कौशल्याचा भाग फारसा नसतो असे माझे मत आहे.

तुमच्या स्नेह्यांच्या म्हणण्यातील त्रुटी इथेच आहे. प्रश्न त्या नराच्या जिवाचा नसून तो घरट्यापासून किती वेळ दूर राहतो याचा आहे. मासा गळाला असतो, मग हातात, मग मोजपट्टीवर. तेवढ्यात भोवतालचे सनफिश अंड्यांवर तुटून पडलेले असतात. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाचे ओंटारियो प्रांतात ओपिनिकन सरोवरावर जे जीवशास्त्र केंद्र आहे, तिथे घरट्यावरच्या बासचा अनेक वर्षे अभ्यास झाला आहे. त्याचा सारांश असा की, माशाला जितके दमवले जाते आणि जितका वेळ पाण्याबाहेर ठेवले जाते तितका त्याला परतायला उशीर होतो, आणि ज्याची अंडी बऱ्याच प्रमाणात खाल्ली गेली आहेत असा नर उरलेली अंडी टाकून निघून जाण्याची शक्यता वाढते. त्याने घरटे सोडले तर त्या घरट्यातून काहीच वाचत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर चांगले आहे. घरटे संथ पाण्यातच होते. वाहत्या धारेत अंडी टिकू शकत नाहीत. म्हणजे बेटांच्या मागची शांत बाजू, मोठ्या दगडांच्या पाठीमागचे थारोळे, काठालगतचे दोन ते चार फूट खोलीचे खडीचे सपाट भाग आणि आडव्या पडलेल्या झाडांच्या आडोशाचे पाणी ही ठिकाणे या महिन्यात नराच्या मालकीची समजावीत आणि तिथे गळ टाकू नये. उलट नदीला आडव्या गेलेल्या कातळांच्या रांगा, त्यांच्यावरून पाणी कोसळून जिथे फेस होतो ती जागा, आणि जलद व संथ पाणी एकमेकांना घासून जाते ती शिवण, इथे घरटे नसते. तिथे मासे मात्र असतात. सगळे बास एकाच वेळी घरट्यावर नसतात: वयात न आलेले मासे मेमध्येही खळाळातच चरत असतात, आणि अंडी घालून मोकळ्या झालेल्या माद्या जरा खोल धारेच्या कडेला विसावलेल्या असतात. त्यांना क्रेफिशसारखी दिसणारी रबरी ट्यूब किंवा साधे नेड रिग (डोक्याशी वजन असलेल्या गळावरचे लहान रबरी आमिष) तळालगत, प्रवाहाच्या गतीनेच वाहू दिले तर पुरते. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा (बार्ब) चिमट्याने दाबून सपाट करावा, म्हणजे मासा लवकर सोडवता येतो.

पाण्यावरची चकाकी अडवणारा पोलराइज्ड चष्मा हवाच. त्यातून तपकिरी तळावर फिकट, गोल, धुतल्यासारखा डाग आणि त्यावर एक गडद सावली दिसली की वल्हे न आपटता बाजूने जावे.

साखळदंड

कातळधार यांनी माशाची बाजू सविस्तर सांगितली आहे. मी कयाकची सांगतो, कारण मासा न पकडताही कयाकवाला घरटी मोडू शकतो हे फारसे कोणी बोलत नाही.

आपल्याकडे नदीतून उतरताना वेग कमी ठेवण्यासाठी अनेक जण मागच्या टोकाला ड्रॅग चेन बांधतात. रबरी नळीत घातलेली ती जड साखळी तळावरून खरवडत जाते आणि कयाक हळू, सरळ चालते. उन्हाळ्यात ही सोय उत्तम आहे. मे महिन्यात तीच साखळी खडीच्या उथळ पट्ट्यावरून ओढली तर घरट्यातून नांगर फिरवल्यासारखे होते, आणि वर बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हाच दोष पाण्यात उतरून चालत मासेमारी करणाऱ्यांचाही आहे. संथ बाजूच्या खडीवर पाय ठेवण्याऐवजी कातळावर ठेवावा, आणि साखळी फक्त कातळाळ, वाहत्या भागात सोडावी.

नांगराविषयी अधिक गंभीरपणे सांगणे भाग आहे. मेमध्ये पाण्याला उन्हाळ्यापेक्षा पुष्कळ अधिक ओढ असते. अशा ओढीत कयाकच्या बाजूला, म्हणजे बसण्याच्या जागेजवळ, नांगराची दोरी बांधली तर प्रवाह कयाकला आडवी करतो, वरच्या अंगाची कड पाण्याखाली जाते आणि कयाक उलटायला क्षणही लागत नाही. नांगर टाकायचाच असेल तर अँकर ट्रॉलीने (कयाकच्या कडेने पुढे-मागे सरकणाऱ्या कप्पीच्या दोरीने) नांगराची दोरी पूर्णपणे पुढच्या किंवा मागच्या टोकाशी न्यावी, एका ओढीत सुटेल अशी गाठ ठेवावी आणि हाताशी सुरी असावी. माझे स्वतःचे मत विचाराल तर या महिन्यात धारेत नांगर टाकूच नये. कातळाच्या मागच्या भोवऱ्यात कयाकचे टोक घुसवून थांबावे, तिथून धारेत गळ फेकावा आणि मग पुढच्या कातळाकडे सरकावे. हे शिकायला एखादा हंगाम लागतो, पण नदी वाचण्याची खरी सवय त्यातूनच लागते.

पायडलची कयाक असल्यास या टप्प्यात तिचे खालचे पंख कातळावर आपटून मोडतात. ते वर घेऊन साधे वल्हेच वापरावे.

जीवरक्षक जाकिटाबाबत: वरच्या पोटोमॅकमध्ये 16 फुटांपेक्षा लहान नौकेतील प्रत्येकाने 15 नोव्हेंबर ते 15 मे या काळात ते अंगावर घातलेलेच असावे असा मेरीलँडचा नियम आहे. तुमची सहल 16 मे रोजी असली तरी नियम संपला म्हणून पाणी उबदार झालेले नसते, हे वेगळे सांगायला नको. जुलैत उलटलात तर ओले होता. आदल्या आठवड्यात डोंगरात पाऊस झालेला असेल तर मेमध्ये उलटल्यावर श्वास अडकतो, हात बधिरतात आणि कयाकवर पुन्हा चढणे जमत नाही. त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, उन्हाळ्याची पद्धत जशीच्या तशी चालत नाही, असे आहे.

तटस्थ निरीक्षक

चर्चा चांगली चालली आहे, परंतु तिच्यात एक बाजू राहून जात आहे असे वाटते. मुळात स्मॉलमाउथ बास हा पोटोमॅकचा मूळ रहिवासी नाही. 1854 मध्ये ओहायो खोऱ्यातील व्हीलिंगकडून काही मासे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागील पाण्याच्या टाकीत घालून कंबरलँडला आणले गेले आणि तिथल्या कालव्याच्या तलावात सोडले गेले. आज नदीत दिसणारी संख्या ही त्याच प्रयोगाची पुढची पिढी आहे. बाहेरून आणून सोडलेल्या माशाच्या अंड्यांसाठी आपण एवढे हळवे का व्हावे?

दुसरे असे की, मोठ्या नदीत वीण यशस्वी होते की नाही हे मुख्यतः पाणी ठरवते. मे-जूनमध्ये एक मोठा पूर आला की शेकडो मैलांतील घरटी गाळाखाली जातात किंवा वाहून जातात, आणि त्या वर्षीची पिल्ले जवळजवळ नाहीशी होतात. 2018 साली या भागात विक्रमी पाऊस झाला, तेव्हा नदी उन्हाळाभर गढूळ होती हे इथल्या अनेकांना आठवत असेल. त्या तुलनेत एखाद्या कयाकवाल्याने दिवसभरात दोन-चार नर पकडून सोडले तर त्याचा हिशोब कितीसा लागणार? सरोवरात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष वाहत्या नदीला जसेच्या तसे लावणे मला योग्य वाटत नाही.

कातळधार

आपले दोन्ही मुद्दे विचार करण्यासारखे आहेत, आणि त्यातील दुसरा बऱ्याच अंशी खराही आहे. या नदीत एखाद्या वर्षीची पिढी भरघोस होते की बुडते हे वसंतातल्या प्रवाहावर अवलंबून असते, याबद्दल माझा वाद नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. पूर आपल्या हातात नाही. पूर न आलेल्या किंवा ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत जी घरटी उभी राहतात तीच त्या वर्षाची सगळी शिल्लक असते. पहिले घरटे वाहून गेल्यावर तापमान अनुकूल असेल तर काही मासे पुन्हा वीण करतात, आणि पाणी नितळून कयाकवाले बाहेर पडतात तेही नेमके तेव्हाच. गढूळ, चढत्या पाण्यात कोणी घरट्यावर गळ टाकत नाही. त्यामुळे मासेमारीचा सगळा भार वाचलेल्या घरट्यांवरच पडतो. शिवाय घरट्यावर सहज सापडतात ते मोठे, आक्रमक नर, म्हणजे राखण सर्वांत चांगली करणारेच. सरोवर आणि नदी यांत फरक आहे हे मान्य, परंतु राखणदार उठला की सनफिश घरट्यात शिरतात, हे दोन्हीकडे सारखेच घडते.

मूळ रहिवासी नसल्याच्या मुद्द्याबाबत एवढेच म्हणेन की, कोलंबिया नदीत हाच बास सामन माशांची पिल्ले खातो म्हणून तिथे त्याच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले जाते, आणि ते समजण्यासारखे आहे. पोटोमॅकमध्ये तो दीडशेहून अधिक वर्षे रुळला आहे, आणि राज्य त्याला जपण्याजोगा मासा मानूनच नियम करते. त्याच्यावरचे ताणही आधीच कमी नाहीत. 2003 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील साउथ ब्रँच या पोटोमॅकच्या शाखेत, मासे मरण्याच्या घटनांचा तपास करताना, नर स्मॉलमाउथच्या वृषणांत अपक्व अंडपेशी आढळल्या. नंतर तोच प्रकार शेनँडोआ नदीत आणि पोटोमॅकच्या इतर भागांतही दिसून आला. पाण्यात उतरणाऱ्या, संप्रेरकांसारखे वागणाऱ्या रसायनांकडे संशयाचे बोट आहे. ती रसायने मी थांबवू शकत नाही. घरट्यावरून माझी दोरी मात्र उचलू शकतो.

गोडवल्हे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खळाळ आणि थारोळे यांतील फरक वाचून सहलीची आखणीच बदलली. आता काठाकाठाने न जाता मधल्या कातळांच्या रांगांवर वेळ घालवेन, आणि ड्रॅग चेन घरीच राहील. स्नेह्यांनाही हा धागा वाचायला दिला आहे. दोन गोष्टी आणखी विचारतो. पाणी जाण्याजोगे आहे की नाही हे मी पॉइंट ऑफ रॉक्स येथील पाणीपातळीच्या मापकावर पाहत असतो. या टप्प्यासाठी तेवढे पुरेसे आहे का? आणि एका जुन्या चर्चेत डिकरसनच्या वीजकेंद्राखाली गरम पाण्यामुळे मासे लवकर विणीला येतात, म्हणून तिथून सुरुवात करावी असे वाचले होते. ते अजून लागू आहे का?

साखळदंड

डिकरसनचे विसरा. तिथले कोळशावर चालणारे संच 2020 मध्ये बंद झाले आणि त्यासोबत गरम पाण्याचा तो प्रवाहही थांबला. त्याच प्रवाहाच्या नाल्यात 1992 च्या ऑलिंपिकच्या तयारीसाठी खळाळत्या पाण्यातील कयाकपटूंचा सरावमार्ग बांधला होता, म्हणून जागेचे नाव अजून चर्चेत येत राहते. पण बासच्या दृष्टीने तिथले पाणी आता उरलेल्या नदीइतकेच गार असते.

मापकाचा प्रश्न अगदी योग्य विचारलात. पॉइंट ऑफ रॉक्स हे मोनोकसीच्या मुखापासून सहा मैल वर आहे, त्यामुळे मोनोकसीत फ्रेडरिककडून आलेला लोंढा त्या मापकावर दिसतच नाही. तुमचा टप्पा नेमका तिच्या मुखापासून सुरू होतो. म्हणून फ्रेडरिकजवळचे जग ब्रिज येथील मोनोकसीचे मापकही पाहावे आणि दोन्ही ठिकाणी पातळी सलग काही दिवस उतरत असेल तरच निघावे. एकाच दिवशीच्या आकड्यापेक्षा उताराची दिशा अधिक सांगते. मोनोकसी शेतजमिनीतून येते आणि पावसानंतर बरेच दिवस गढूळ राहते. तिचे पाणी मिसळायला वेळ लागत असल्याने मेरीलँडच्या काठाला मातकट पट्टा आणि व्हर्जिनियाच्या बाजूला स्वच्छ पाणी असे चित्र मैलोन्‌मैल दिसते. अशा वेळी मुखातून बाहेर पडताच नदी तिरकी ओलांडून पलीकडच्या कातळांवर जावे.

गाड्यांची व्यवस्था आधीच ठरवा. व्हाइट्स फेरी येथील गाड्या नदीपार नेणारी बोट डिसेंबर 2020 पासून बंद आहे, त्यामुळे अ‍ॅशबर्नहून निघताना पॉइंट ऑफ रॉक्सच्या पुलावरून मेरीलँडला जावे लागेल आणि दोन्ही गाड्या त्याच काठावर ठेवाव्या लागतील. एवढा खटाटोप नको असेल, किंवा पाणी थोडे चढलेले असेल, तर तुमच्या घराजवळच्या अल्गाँकियन उद्यानाच्या उतारावरून कयाक उतरवा. एडवर्ड्स फेरी ते सेनेका हा सुमारे आठ मैलांचा भाग जुन्या दोन क्रमांकाच्या बंधाऱ्यामुळे संथ झालेला आहे, त्यामुळे वर वल्हवत जाऊन त्याच जागी परत येता येते. मात्र संथ पाणी म्हणजे घरटी अधिक आणि मोटारबोटींची वर्दळही अधिक, म्हणून तिथे काठापासून दूर, खोल पाण्यात चॅनल कॅटफिशचाच विचार करावा. आणि खाली जाताना व्हायोलेट्स लॉक या जुन्या कालव्याच्या दरवाजाच्या आधी काठाला लागावे. त्यापुढे बंधाऱ्याचे अवशेष आणि सेनेकाचे खळाळ सुरू होतात.

कातळधार

एक पुरवणी. कयाकमध्ये दोरीला बांधलेले साधे थर्मामीटर ठेवा आणि दिवसभरात संथ बाजूचे व धारेतले तापमान अधूनमधून पाहत जा. संथ पाणी 13 अंशांच्या आसपासच असेल तर वीण अजून सुरू झालेली नसते; तेव्हा मासे घरट्याच्या जागेबाहेरच्या पहिल्या खोल उतारावर गोळा झालेले असतात आणि भुकेने खातात. त्या दिवशी तुम्हाला धारेत अडकून राहण्याची गरज नाही. 16 च्या पुढे गेले असेल तर वर सांगितल्याप्रमाणे करा. छायाचित्र घ्यायचे झाल्यास मासा जाळीत, पाण्यातच ठेवून कॅमेरा आणि मोजपट्टी आधी तयार करा. पट्टी ओली करून घ्या आणि मासा उचलून लगेच परत सोडा.